‘अज्ञात वाहना’च्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
जुळे सोलापूर.

विषय : माझी तीनचाकी, पत्र्याच्या कवचाची सायकल पार्किंगमध्ये ठेवण्याची परवानगी मिळण्याबाबत व चारचाकीचे शुल्क न लावण्याबाबत.

मा. महोदय, स. न. वि. वि.

फलकावरची नोटीस वाचली. ‘ए विंगखाली उभे असलेले अज्ञात वाहन आठ दिवसांत हलवावे, अन्यथा चारचाकीचे मासिक शुल्क आकारण्यात येईल.’ ते वाहन माझं आहे हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. गणपतीत मुलांनी त्यात बसून फोटो काढले तेव्हा आपणही शेजारीच उभे होतात. तेव्हा निदान ‘अज्ञात’ हा शब्द काढावा, ही पहिली विनंती.

दुसरं, ती सायकल आहे. इंजिन नाही, मोटर नाही. बॅटरी आहे ती फक्त दिव्यांपुरती. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये आरामखुर्चीसारखी सीट, पाय पुढे सोडून पॅडल मारायचं आणि भोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच. नेदरलँड्स-जर्मनीकडे याला व्हेलोमोबिल म्हणतात आणि माणसं त्यातून रोज कामावर जातात. तिकडून नवी मागवायची म्हटली तर एखाद्या लहान मोटारीचे पैसे पडतील. मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला, पत्रा कापणं आणि रिवेट मारणं हातातलं काम. तिकडे ‘ॲलेवेडर’ नावाचं एक जुनं मॉडेल होतं, रिवेट मारलेल्या पत्र्याचं. त्याचे सुटे भाग मिळायचे आणि लोक घरी जोडायचे. त्याचे फोटो बघत बघत, ओळखीच्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये सुट्टीचे दिवस घालवून सात महिन्यांत ही तयार केली. नावाचा अर्थ ‘सगळ्या हवामानांची’. सोलापूरचा मे महिना बहुधा त्यांच्या हिशेबात नसावा.

सचिवसाहेबांनी आरसी बुक आणि नंबर मागितला आहे. पायाने चालणाऱ्या सायकलला आरटीओ नंबर देत नाही, मग ती पत्र्यात गुंडाळलेली असो वा नसो. ‘पण सायकलसारखी दिसत नाही ना,’ असं ते म्हणाले. यावर एक जुनी हकीकत सांगतो. फ्रान्समध्ये चार्ल्स मोशे नावाच्या माणसाने आपल्या मुलासाठी पॅडलची छोटी गाडी केली, कारण मुलाच्या आईला दोन चाकांची भीती वाटत होती. त्यातून पुढे मोठ्या माणसांच्या पॅडलगाड्या निघाल्या आणि मग रेलून चालवायची सायकल. १९३३ साली फ्रान्सिस फोर या सायकलपटूने ती चालवून तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ चा विक्रम मोडला. फोर काही पहिल्या फळीतला गडी नव्हता, त्यामुळे बड्यांना ते जास्तच झोंबलं. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना बैठकीला बसली आणि सायकल म्हणजे काय याची व्याख्याच अशी केली की ही सायकल तिच्यात बसू नये. तेव्हापासून अशा सायकलींना त्या स्पर्धांमध्ये जागा नाही. समित्यांची मला थोडी धास्ती वाटते ती यामुळे. आपल्या समितीबद्दल तसं काही नाही.

स्कूटर का घेत नाही, असं बरेचजण विचारतात. घर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. साध्या सायकलवर ताशी अठराच्या पुढे गेलं की बराचसा जोर वाऱ्याशी भांडण्यात जातो. वेग दुप्पट करायचा तर नुसत्या वाऱ्यासाठी आठपट ताकद लागते. कवचात शिरून आडवं बसलं की वारा वरून-बाजूने निसटतो, म्हणून त्याच पायांनी मी सपाटीवर तीसने जातो. आणि आपलं गाव सपाटच. पुलाचा चढ आला की मात्र एकोणचाळीस किलोचं धूड ओढताना चारा वाहणारी बैलगाडीसुद्धा मागून येऊन पुढे जाईल अशी अवस्था होते. आसरा चौकात सिग्नलला लोक मोबाइल काढतात, ‘मालक, ॲव्हरेज काय देते?’ हा प्रश्न रोजचा. सकाळची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, एवढंच सांगतो.

आता तक्रारींकडे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार रास्त आहे. पहाटे सव्वासहाला मी निघतो तेव्हा पार्किंगच्या फरशीच्या सांध्यांवरून चाकं गेली की पत्रा ढोलासारखा घुमतो. आत बसून मलाही ते ऐकू येतं, त्यांना तर उशाशीच. त्यावर उपाय केला आहे. घरातली एक जुनी सोलापुरी चादर कापून गाडीच्या नाकाच्या आतून आणि सीटच्या मागे फेव्हिकॉलने चिकटवली. गडगड बरीच कमी झाली. काकूंना विचारून खात्री करावी. गेटपर्यंत मी आता हळूच जातो, बेल वाजवत नाही.

‘फरशीवर तेल सांडतं’ हे मात्र मान्य नाही. नेहमीच्या तीन सायकलींची चेन जोडून माझी एक चेन होते, पण ती सगळी सीटखालून प्लॅस्टिकच्या नळीतून फिरते. बाहेर काहीच उघडं नाही. ते डाग कुठल्या स्कूटरचे ते वॉचमन मामांना विचारलं तर ते सांगतील. मी नाव घेत नाही.

जागेचा प्रश्न खरा आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. नोटिशीत दुसरा पर्याय दिला आहे की गाडी टाकीजवळच्या मोकळ्या जागेत, उन्हात ठेवावी. तिथे एक दिवस ठेवून बघितली. दुपारी सीटवर हात ठेवला तर तव्यावर ठेवल्यासारखं झालं. समोरच्या ॲक्रिलिकच्या काचेला त्या एका दुपारी बाक आला आणि मागच्या चाकाची ट्यूब जुन्या पॅचजवळ फुटली. साडेतीनला शिफ्ट सुटते, तेव्हा वरचं झाकण काढून, ओला टॉवेल गळ्यात टाकून घर गाठणं हीच मोठी कसरत असते. गाडी सावलीत असेल तर निदान सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर पडताना तरी भट्टीत बसावं लागणार नाही.

मापं टेप लावून घेतली आहेत. लांबी २ मीटर ६०, रुंदी ७८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन चौरस मीटर. दोन स्कूटर शेजारी उभ्या केल्या तर याहून जास्त जागा जाते. चारचाकीचं शुल्क कोणत्या हिशेबाने? दोन दुचाकींचं शुल्क द्यायला मी तयार आहे, तेही सर्वसाधारण सभेने ठरवावं, नोटिशीने नको.

मला हवी आहे ती जागा ए विंगच्या शेवटच्या खांबाच्या आणि कंपाउंडच्या भिंतीच्या मधली पट्टी. तिथे कुणाची मोटार शिरत नाही. सध्या तिथे मंडपाचे बांबू, दोन वर्षांपूर्वीचं गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि तळ फुटलेल्या तीन कुंड्या आहेत. हे सामान गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवण्याचं काम माझं. फक्त त्या पट्टीसमोर स्कूटर लावू नये. या गाडीची पुढची चाकं कवचाच्या आत असल्याने फार वळत नाहीत, आणि रिव्हर्स नाही. मागे यायचं तर तळाच्या भोकातून पाय खाली काढून जमिनीला रेटावं लागतं. हसू येतं बघणाऱ्याला, मान्य आहे.

गेटजवळचा नवा गतिरोधक लवकरच होणार असं ऐकतो. माझं पोट जमिनीपासून नऊ सेंटिमीटर. (गाडीचं म्हणतोय.) उंची थोडी बेताची ठेवली तर रोज तिरकं जाऊन घासत पार व्हावं लागणार नाही. ठेकेदाराशी बोलायला मी येतो.

राहिला पंधरवड्यापूर्वीचा प्रकार. पाणी यायच्या दिवशी मी गाडी पंपाच्या खोलीसमोर लावून वर गेलो, ती माझी चूक. पंप चालू करायला वाट नव्हती म्हणून चौघांनी मिळून ती कडेला धरून उचलली. कडेचा पत्रा वजन पेलण्यासाठी नसतो. डाव्या बाजूला पोचा आला आणि तीन रिवेट निघाले. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याने कुणी नंतर त्यावर बोटाने ‘भंगार’ लिहिलं, त्याने धूळ तरी पुसून घ्यायची होती.

तरी येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि तोवर शुल्काची पावती फाडू नये. मधल्या काळात गाडी हलवायची वेळ आलीच तर उचलू नये. सीटच्या डाव्या बाजूला ब्रेकला लाल पट्टा आहे तो सोडायचा, मागे उभं राहून दोन्ही हात सीटच्या पाठीमागच्या आडव्या पाइपवर ठेवायचे आणि ढकलायचं. मामांना मी दोनदा करून दाखवलं आहे, त्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

कळावे,
आपला,
बी विंग, दुसऱ्या मजल्यावरचा सभासद

ता. क. : ते तीन रिवेट मी रविवारी बसवले. खर्च मागत नाही.