लिंबोणीच्या बुडाशी डिंक

श्रीगोंदा,
२८ एप्रिल

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावली असशील तर तुझा राग रास्त आहे. फोन करता आला असता, पण हे फोनवर बोलता येत नाही. अण्णांची खाट माजघरात, आणि एरवी त्यांना दोनदा हाक मारावी लागते पण झाडांचं काही निघालं की दुसऱ्या खोलीतलंही ऐकू येतं. म्हणून दुपारी ते झोपले की लिहीत बसले आहे.

आम्ही सगळे बरे. माझी बीपीची गोळी चालू आहे, ह्यांचा गुडघा होता तसा आहे.

सुमे, आपली लिंबोणी आजारी आहे. डिंक्या झालाय, बुडाची साल कुजून डिंक गळतो तो रोग.

मार्चच्या शेवटी झाड एकाएकी फुललं. हस्त बहाराची लिंबं अंगावर असताना वर पांढरा सडा. सगळी आळी बघून गेली, अण्णा तर दोन दिवस आनंदात होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बूड खचायला लागलं की लिंबोणी अवेळी अशी भरभरून फुलते. पंधरा दिवसांत पानं पिवळी दिसू लागली, आणि तीही चमत्कारिक. नत्र कमी पडलं तर खालचं जुनं पान सगळंच पिवळं पडतं. लोह कमी पडलं तर कोवळं पान पिवळं होतं आणि शिरा हिरव्या राहतात. इथे मधली शीर पिवळी आणि कडा हिरव्या. पानात तयार झालेलं अन्न खाली मुळांपर्यंत जात नाही, वाटेत कुठेतरी साल तुटली आहे, त्याची ही खूण. बुडाशी लावलेलं पाचट हाताने बाजूला केलं तर जमिनीपासून चार बोटं वर मधासारखा डिंक ओघळलेला. साल दाबली तर बोट आत जाईल इतकी मऊ, आतून तपकिरी.

आता तू जे म्हणणार ते मीच लिहून टाकते. तू बरोबर होतीस. लावतानाच तू म्हणाली होतीस की रोप खोल जातंय, मुळं सुटतात तो गळा जमिनीच्या वर राहू दे. मी म्हटलं, आमच्या उन्हात खोल असलेलं बरं. त्यावरून आपण विहिरीवर जे भांडलो, काकूंना मध्ये पडावं लागलं! पुढे आळं केलं तेव्हाही तू म्हणालीस, पाणी बुंध्याला टेकवू नको. इथली जमीन काळी, भारी. एकदा पाणी धरलं की आठवडा सोडत नाही. डिंक्याची बुरशी मातीतच असते आणि तिचे बीजाणू पाण्यातून पोहत सालीपर्यंत जातात. बूड कोरडं असलं तर ती काही करू शकत नाही. बुडाशी रोज ओल, त्यावर मी उन्हाळा म्हणून ऊसपाचटाचा वीतभर थर थेट बुंध्याला खेटून लावलेला. आच्छादन चांगलंच, तीन-चार इंच हवंच, पण खोडापासून हातभर लांब. मी खोडाला गोधडी गुंडाळल्यासारखं केलं.

आणि रोजची ओल कुठून, हे तुलाच सांगू शकते. अण्णा रोज पाणी घालतात. आई गेल्यापासून सकाळी सहाला उठण्याचं त्यांना हे एकच निमित्त आहे. चहा झाला की पाइप घेऊन लिंबोणीपाशी उभे राहतात, बुडाशी धार सोडतात आणि आळं काठोकाठ भरलं की मगच नळ बंद. आईंनी हौसेने लावून घेतलेलं झाड. मी कोणत्या तोंडाने सांगू की अण्णा, तुमच्या पाण्यानेच ते मरायला टेकलंय? तीन रात्री ह्याच विचारात गेल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, नळाची तोटी काढून ठेव. असं करतात का कुणी? ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातातून पाइप काढून घ्यायचा म्हणजे काय काढून घ्यायचं, हे तुला कळेल.

झाडाचं काय केलं ते आधी सांगते, तुझ्या माहेरच्या झाडालाही लागेल.

पाचट सगळं काढलं. खुरप्याने बुडाची माती हलक्या हाताने ओढून वरची जाड मुळं उघडी केली, दोन दिवस ऊन-वारा लागू दिला. दोरीने मोजलं. बुंध्याचा घेर २२ इंच, त्यात खराब साल ९ इंच. ह्यावरच सगळं आहे. निम्म्याच्या आत असेल तर झाड सावरू शकतं. साल गोल फिरून पूर्ण कुजली की मग काही उपाय नाही. धारदार चाकू स्पिरिटने पुसून कुजलेली साल खरवडली, पांढरट-हिरवी ताजी साल लागेपर्यंत, आणि कडेने अर्धा इंच चांगलीही काढली. तिथे हात आखडता घेतला तर बुरशी कडेला शिल्लक राहते. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर पडलेला कचरा जाळला, खतखड्ड्यात टाकला नाही. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुतली आणि वाळल्यावर बोर्डो मलम लावलं.

मलमाचं माप एक लिटर पाण्याला मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम. मोरचूद रात्री फडक्यात बांधून अर्धा लिटर पाण्यात लोंबकळत ठेवायचं, सकाळपर्यंत विरघळतं. तळाशी टाकलं तर दुपारपर्यंत खडे तसेच. चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून फोडायचा आणि निवू द्यायचा. गरम चुन्यात मोरचूद ओतलं तर मलम फाटतं. भांडी प्लास्टिकची नाहीतर मातीची. लोखंडाची बादली मोरचूद खाऊन टाकतं. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतत काठीने ढवळायचं. चाचणी सोपी: लोखंडी चाकूचं पातं मिनिटभर बुडवायचं, त्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. तसंच लावलं तर साल भाजते. त्याच दिवशी वापरायचं, उद्यावर ठेवायचं नाही. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावलं. धाकटा नातू शाळेतून आला आणि ओरडला, "आजी, झाडाला निळी चड्डी घातली!" अण्णासुद्धा हसले, सुमे. किती दिवसांनी.

पावसाआधी मेच्या शेवटी परत एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा लावायचं. कृषी सेवा केंद्रात मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबची एकत्र पूड मिळते, लिटरला अडीच ग्रॅम, बुडाशी भिजवायला. मी अजून टाकली नाही, रोज त्याच झाडाचं लिंबू ताटात असतं. साल भरून येताना दिसली नाही तर टाकीन, आणि मग फळ खाणार नाही.

अंगावरची लिंबं मात्र सगळी उतरवली, बोराएवढीसुद्धा. आजारी झाडाने फळ पोसायचं की मुळं? अण्णांना ते फार लागलं. मी मोठी लिंबं त्यांच्यापुढे ठेवली, आईंच्या पद्धतीने लोणचं घाला म्हटलं. किलोला पाव किलो मीठ, तेल नाही, बरणी पंधरा दिवस उन्हात. रोज बरणी हलवायचं काम त्यांच्याकडेच आहे.

आता पाणी. मी त्यांना "पाणी बंद" म्हटलंच नाही. आळं बदललं. बुंध्यापासून दीड फुटापर्यंत मातीचा उंचवटा केला, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे बुडाशी थेंब थांबणार नाही. त्याच्या कडेला एक वरंबा, आणि दुसरा वरंबा फांद्यांचं टोक जिथे संपतं तिथे. ह्या दोन वरंब्यांच्या मधल्या पट्ट्यात पाणी. अन्न घेणारी बारीक मुळं तिथेच असतात, बुंध्याशी नव्हे. पट्टा चार इंचांपेक्षा खोल खणला नाही, कारण ही मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. खणताना तुटली की तीच नवी जखम.

किती पाणी? झाडाची छत्री दहा फुटांची. ह्या उन्हात दिवसाला साधारण ३५ ते ४० लिटर पडतं. पण आपल्या मातीत रोज द्यायचं नाही, सहा दिवसांतून एकदा सव्वादोनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या. आमच्या पाइपने एक बादली एका मिनिटात भरते. म्हणून अण्णांना सांगितलं, पंधरा मिनिटं, चार बाजूंना वाटून, घड्याळ लावून. आणि द्यायच्या आधी पट्ट्यात वीतभर उकरून मातीचा लाडू वळून बघायचा. वळला आणि बोटांना चिकटला तर आज पाणी नाही. फुटला तर द्या. पहिल्या वेळी लाडू वळला. अण्णा हातातल्या मातीकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हिला नको होतं." मी काही बोलले नाही. मला वाटतं, त्यांना कळलं.

हीच माझी काळजी आहे, सुमे. झाड वाचेल न वाचेल, पण त्यांनी मनाला लावून घेतलं तर? आणि मधल्या पाच सकाळी त्यांनी काय करायचं?

त्यासाठी मडकी पुरली. काळी-तांबडी, बिनरंगाची, पाच लिटरची चार मडकी, दुधी आणि दोडक्याच्या वेलांमध्ये गळ्यापर्यंत पुरून वर झाकण. झाकण नसलं तर पाणी वाफ होऊन जातं, डासही होतात. रंग दिलेलं किंवा चकचकीत मडकं घेऊ नकोस, त्यातून पाझर होत नाही. रोज सकाळी झाकण काढून किती उतरलं ते बघायचं आणि भरायचं. मोगऱ्याच्या कुंड्या, कढीपत्ता, तुळस ह्यांनाही तेव्हाच, आठच्या आत. आता ते झाकणांवर बोटाने खुणा करून ठेवतात आणि नाश्त्याला मला सांगतात, दोडक्याचं मडकं जास्त पितंय. पण पाइप हातात घेतला की पाय तिकडेच वळतात. काल मी खिडकीतून पाहिलं. नळ बंद, हातात कोरडा पाइप, आणि ते लिंबोणीपाशी उभे.

कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी परसात सोडायचं मात्र बंद केलंय. साबणातल्या क्षारांनी काळी माती घट्ट होते आणि लिंबोणीला क्षार मुळीच सोसत नाहीत. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. आंघोळीचं अळूला आणि केळीला.

एक गोष्ट करून ठेवली आहे, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगितली नाही. उतरवलेल्या लिंबांतलं बी काढून लावलं. कागदी लिंबाचं बी बहुभ्रूणी असतं, एका बीतून दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक थेट आईच्या झाडासारखीच. म्हणजे आंब्याच्या कोयीसारखा जुगार नाही. बी ओलंच लावायचं, उन्हात वाळवलं की उगवत नाही. अर्धा इंच खोल, पोयटा आणि शेणखत निम्मं निम्मं, सावलीत. तीन आठवडे तरी लागतात. एका जागी दोन-तीन आली की एकसारखी जोमदार ठेवायची, फार खुरटं किंवा फार वेगळं दिसेल ते काढायचं. फळ धरायला चार-पाच वर्षं. जुन्या जागी लावणार नाही, ती माती आजारी आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात उंचवटा करून लावीन, आणि गळा वर ठेवून. तू म्हणशील तितका वर.

तुझं कसं चाललंय? मुलीची बारावीची परीक्षा झाली ना? निकालाची काळजी करू नकोस म्हणणार नाही, तू करणारच. नवीन जागेत गॅलरी पश्चिमेची आहे म्हणालीस. मोगरा फुलत नाही कारण तू त्याला छाटत नाहीस, जीव तुटतो तुझा. मोगऱ्याची कळी नवीन फुटीवरच येते. फुलं संपली की प्रत्येक फांदी दोन पेरं कापायची, पाच-सहा तास ऊन द्यायचं, कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही. ताईंचं ऑपरेशन कसं झालं ते कळव.

आणि एक काम कर. भाऊंना फोन करून तुझ्या माहेरच्या झाडाचं बूड बघायला सांग. पाला-पाचोळा बाजूला करून, जमिनीपासून चार बोटं वर. डिंक नसला तरी आळं दुहेरी करायला सांग, मापं वर लिहिली आहेतच. ते झाड नीट आहे एवढं कळलं की मला अण्णांना सांगता येईल.

जमलं तर मेच्या शेवटी ये. मलम परत लावायचं आहे, आणि अण्णा तुझं ऐकतात.

तुझीच,
माई