लॉर्ड हाउ बेटाची सहल : बुकिंगआधी वाचा

सभासदहो, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या लॉर्ड हाउला येणाऱ्यांनी विमानाच्या तिकिटाआधी राहण्याची सोय पक्की करावी. बेटावर एका वेळी जास्तीत जास्त ४०० पर्यटक राहू शकतात, त्यामुळे आयत्या वेळी धावपळ करून उपयोग नाही. मोबाइलला रेंज नसते, घरी तसं सांगून ठेवा. (काहींना हीच खरी सुट्टी वाटेल!)

बुटांच्या तळव्यांत अडकलेली माती आणि गवताचं बी ब्रशने खरवडून काढा. तिथल्या जंगलात बाहेरचा रोग जायला एवढंही पुरतं.

८७५ मीटर उंच माउंट गोवरवर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. काही ठिकाणी दोर धरून चढायचं असतं. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खुशाल सायकल घेऊन किनाऱ्याने भटकावं. नावं रविवारपर्यंत कळवा.