बाबांसाठी धावून आलेल्यांचे मनापासून आभार

आमचे बाबा गेले, त्याला आज चौदा दिवस झाले. सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं त्यांचा दवाखाना होता. पेशंट बहुतेक विणकर आणि विडी कामगार. तेलुगू ते पेशंटकडूनच शिकले. गल्लीत त्यांना सगळे ‘डॉक्टरगारू’ म्हणायचे.

दर 10 ऑक्टोबरला, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या जयंतीला, ते आम्हा भावंडांना भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात न्यायचे. आपल्या सोलापूरचा हा मुलगा 1938 साली जखमी सैनिकांसाठी चीनला गेला आणि 1942 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. साडेतीन महिन्यांचं बाळ मागे ठेवून. हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी कापायचा.

कन्ना चौकात बाबा कोसळले तेव्हा आम्ही कुणीच जवळ नव्हतो. ज्या रिक्षावाल्या दादांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, ज्या तरुणांनी रात्री अडीच वाजता येऊन रक्त दिलं, त्या कुणाचंच नाव आम्हाला माहीत नाही. तुमच्यामुळे आम्हाला बाबांशी आणखी दोन दिवस बोलता आलं.

दहाव्याला एक आजी आल्या. बोटांना तंबाखूचा वास. पदराच्या गाठीतून त्यांनी बाबांच्या हातची जुनी चिठ्ठी काढली. औषधांच्या खाली लिहिलं होतं: ‘फी राहू द्या. आधी दूध, अंडी.’ आजी, तुम्ही आमचे बाबा आम्हाला पुन्हा दाखवलेत.

रिक्षावाले दादा, बाबांच्या डोक्याखाली ठेवलेला तुमचा टॉवेल आमच्याकडेच आहे. धुऊन, घडी करून ठेवलाय. घरी या, आई वाट बघतेय.