कट्ट्यावर खिळे नकोत: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, राजारामपुरी, कोल्हापूर

विषय: गेटबाहेरच्या कट्ट्यावर अणकुचीदार ग्रिल बसवण्यास विरोध

महोदय,

रविवारच्या मीटिंगच्या नोटिशीत चौथा विषय वाचला. ग्रिलचं कोटेशन मंजूर करायचं आहे म्हणे. त्या कट्ट्यावर कुणी दारू पिऊन दंगा करत नाही. दुकानाचं शटर पडल्यावर एक म्हातारा माणूस तिथं झोपतो आणि उजाडायच्या आत उठून जातो, एवढंच. त्याला उठवायला आपण मेंटेनन्सचे पैसे लोखंडात घालणार. माझा विरोध आहे आणि तो मिनिट्समध्ये नोंदवावा.

पहाटे पाइपानं कट्टा ओला करायची शक्कल कुणाची, ते विचारत नाही. पण ते काम वॉचमनमामांच्या गळ्यात घालू नका. रात्रभर जागायचं त्यांनी आणि वर तळतळाटही घ्यायचा त्यांनीच. बरं, उठवून साधलं काय? काका पलीकडच्या बँकेच्या पायरीवर गेले. तिथनं हाकललं की परत इथं.

काका उद्यमनगरात फौंड्रीत होते. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे वण आहेत. त्यांच्या उशाला दुधाची एक पिशवी असते, तिच्यावर दुसरी पिशवी, वर सुतळीच्या दोन गाठी. आत आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सीपीआर या सरकारी दवाखान्याचा केसपेपर. पहाटेचं पाणी नेमकं त्या पिशवीवर जातं. कागद गेले तर नवे काढताना पत्ता विचारतात, आणि घोडं तिथंच अडतं.

तेव्हा त्यांची हरकत नसेल तर कागदांची एक प्रत सोसायटीच्या कपाटात ठेवू. चोरीची भीती वाटणाऱ्यांचीही सोय होईल, माणूस कोण ते कळेल. ती भीती मी खोटी म्हणत नाही. गेटवरचा कॅमेरा थोडा कट्ट्याकडे वळवा, ग्रिलपेक्षा स्वस्तात काम होईल.

बाकी काय लागतं ते त्यांनाच विचारावं. दिवाळीत आपल्यापैकी कुणीतरी त्यांना शेरवानी दिली. शेरवानी! वाढदिवस झाला की उरलेला केक जातो. काकांना शुगर आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई, दाढीचं ब्लेड आणि एक जाड प्लॅस्टिकचा कागद मिळाला तर बघा." पावसाळा तोंडावर आहे, कागद मी आणते. कमिटीनं पार्किंगमधला नळ सकाळी अर्धा तास त्यांना वापरू द्यावा, साबणासकट. कुणाला जेवण द्यायचं असेल तर भाकरी-आमटी द्यावी, ताजी, आणि हातात द्यावी. कठड्यावर ठेवून निघून जाऊ नये.

शाहू महाराजांचं नाव घेऊन तुम्हाला लाजवणार नाही, ते आपल्याकडे गटारीच्या अर्जातही येतं. पण २०१९ चा ऑगस्ट आठवा. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता आणि आपल्या हॉलमध्ये अनोळखी माणसं झोपली होती. तेव्हा कुणी कुणाचं आधार कार्ड मागितलं नाही, उलट चपात्या लाटायला बायकांची रांग होती. तीच सोसायटी आहे ही.

कट्टा हे काही घर नव्हे, हे मलाही कळतं. निवाऱ्याची सोय करणं महापालिकेचं काम. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याची तरतूद केलेली होती. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांच्या घरात होतं, म्हणजे त्या हिशोबानं साडेपाचशे माणसांची सोय हवी. निवारे कुठं आहेत, आज किती जागा रिकाम्या आहेत, काकांना कधी घेता येईल, असं सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेला विचारा. एकट्या रहिवाशाचा अर्ज फायलीत पडून राहतो. शिक्का असलेल्या पत्राला निदान उत्तर द्यावं लागतं. काकांना तिथं जायचं आहे का, हे मात्र आधी त्यांना विचारू.

कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यापाशी एकट्याच बोलत बसणाऱ्या मावशींची गोष्ट वेगळी. पोरं त्यांना खडे मारतात, आपल्याच बिल्डिंगमधली. त्यांना उपचार हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती अशी भटकताना आढळली तर तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. घरच्यांचा शोध घेणंही त्यांच्याकडेच येतं. तेव्हा "वेडी हटवा" अशी तक्रार न करता हे कलम लिहून पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. सोबत दोन बायका जाऊ, मी तयार आहे. दरम्यान, खडे मारणाऱ्या पोरांच्या आईबापांशी तुम्ही बोला. माझं ऐकत नाहीत.

रविवारी चौथा विषय मतदानाला टाकण्याआधी मला पाच मिनिटं बोलू द्यावं. ग्रिलच्या कोटेशनचा आकडाही सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, नोटिशीत तो दिलेला नाही. आणि मीटिंग होईपर्यंत पाइपाची चावी ऑफिसात जमा करून घ्यावी.

आपली,
एक सभासद, तिसरा मजला