बीजींचा कॉम्प्युटर

नांदेड

प्रिय पम्या,

आठ महिन्यांनी लिहितोय, शिव्या फोनवर दे. माझा गुडघा ठीक. आईची साखर आहे तिथंच.

दिवाळीत बीजींचा, आपल्या पंजाबी आजींचा, कॉम्प्युटर मी फॉरमॅट मारला. फार रेंगाळायचा. फायली पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, इतका काही मी गाढव नाही (तू बोलूच नकोस, माझ्या लुनात रॉकेल कुणी ओतलं होतं?). नवं विंडोज टाकून त्यांची फाईल उघडली, तर नामदेवांच्या नावाच्या जागी एन डब्ल्यू एम डी वाय व्ही! पानंच्या पानं तशीच. गुरुतागद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याच्या, तीनशेव्या वर्षापासून, 2008 पासून, रोज एका बोटानं लिहिलेलं सगळं.

"पुत्तर, एह की?"

मी म्हणालो, "व्हायरस." पम्या, जिच्या पराठ्यांवर आपण बारावी काढली, तिला.

रात्री डोकं चाललं. त्यांचा फाँट अनमोललिपी, अमेरिकेतल्या डॉ. कुलबीरसिंग थिंद यांनी केलेला. त्यात फायलीत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट वरून गुरमुखीचा, पंजाबी लिपीचा, अंगरखा घालतो. मी अंगरखाच पुसला होता. फाँट परत टाकला आणि नामदेव उभे! रडलो रे. कुणाला सांगू नकोस.

तिथं थांबायचं ना! पण त्यांच्या नातवाला कॅनडात मोबाईलवर वाचता यावं म्हणून मला युनिकोड सुचलं, त्यात फायलीत खरी गुरमुखी अक्षरंच असतात, खास फाँट लागत नाही. भाषांच्या यादीत पंजाबी निवडलं, तर अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायला लागली. लाहोरकडची पंजाबीची उर्दूसारखी लिपी, शाहमुखी! मग गुरमुखी घेतलं, इन्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच धर्तीचा कळफलक. माझी मराठीची बोटं त्यावर जशीच्या तशी चालली, के ला क, ई ला काना. अद्दक, म्हणजे पुढचं अक्षर दुप्पट करणारी खूण, तेवढा शोधावा लागला. मी खूश.

बीजी बसल्या. न साठी एन दाबला, ल आला. काना म्हणून डब्ल्यू दाबला, दोन मात्रा आल्या. शिवाय त्यांची सिहारी, म्हणजे आपली पहिली वेलांटी, हातानं लिहितो तशी आधी, मग अक्षर. युनिकोडला अक्षर आधी लागतं. दहा मिनिटांनी त्यांनी चष्मा पुसला आणि उठल्या. त्याला आज अकरा दिवस झाले. काल आईला म्हणाल्या, "मला आता विसरायला होतंय."

त्या काहीच विसरलेल्या नाहीत, पम्या. कळा मी बदलल्या. पण हे सांगायचं तर व्हायरसपासून सुरुवात करावी लागते, आणि दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत आलोय.

नुसता जुना फाँट देऊन मोकळं व्हावं, तर नातू राहतो. कळफलक बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन आहे म्हणे. तू रोज असलंच काही करतोस ना? कळा अनमोलच्या, आत युनिकोड, एवढं जमव. सिहारीचं मी शेजारी बसून शिकवीन.

चिंगीची दहावी ना यंदा? तिला शुभेच्छा. तुझ्या नव्या घराचं सविस्तर लिही, वहिनींना नमस्कार.

शनिवारी बीजींना फोन कर. व्हायरसचं मात्र तू बोलू नकोस, ते मीच सांगणार.

तुझा,
बाळ्या