नवव्या दिवशी कोण येणार?

रहिवासी मंडळाच्या मदतगटातर्फे हे आवाहन करत आहोत. पैसे हवे आहेतच, पण त्याहून जास्त हवी आहेत माणसं, आणि तीही ठरावीक दिवशी. ते दिवस कोणते हे कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आपल्यातल्याच एक ताई आहेत. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आता केमो सुरू आहे. घरात बारा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, पाळीत काम करणारे पती आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. नाव छापू नका, असं ताईंनी सांगितलं आहे. बाकी लिहायला परवानगी दिली, पण एका अटीवर: ‘बिचारी’ हा शब्द कुठेही यायला नको.

त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. एक ते एकवीस अशा चौकटी आहेत आणि रोज रात्री झोपण्याआधी धाकटा एका चौकटीवर फुली मारतो. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या औषधांचे चार डोस, दर एकवीस दिवसांनी एक. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याला एक, असे बारा आठवडे. म्हणजे सगळं ठरल्या वेळेला झालं तरी जवळपास सहा महिने, आणि ठरल्या वेळेला होईलच असं नाही. प्रत्येक डोसआधी रक्त तपासतात आणि पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर डोस पुढे ढकलतात. मग तो कागद फाडून नवा करावा लागतो. धाकट्याला ते अजिबात आवडत नाही.

आतापर्यंत दोन डोस झाले. त्यातून आम्ही जे शिकलो ते आधीच ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या डोसच्या दिवशी मदतीला तोटा नव्हता. गाडी होती, सोबतीला दोघी होत्या, संध्याकाळी भेटायला रांग लागली. डोसच्या आसपास स्टेरॉइड देतात. त्याने झोप उडते, पण गाल लाल दिसतात, माणूस तरतरीत वाटतो. भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणाला, ‘तुम्ही तर छान दिसताय!’ आणि निश्चिंत होऊन घरी गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टेरॉइडचा जोर ओसरला आणि ताईंना पलंगावरून बाथरूमपर्यंत जाताना मध्ये खुर्चीवर बसावं लागलं. तेव्हा घरात त्या आणि सासूबाई, दोघीच होत्या.

खरा कठीण काळ त्याच्याही पुढे, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात असतो. डोसनंतर पांढऱ्या पेशींची संख्या याच दिवसांत सगळ्यात खाली जाते. पेशी वाढवणारं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी देतात, त्याने हाडं ठणकतात, पण संसर्गाचा धोका पूर्ण जात नाही. या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोहोचला, की सकाळची वाट पाहायची नसते. तापाची गोळी आपल्या मनाने द्यायची नसते, कारण ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. तडक रुग्णालय गाठायचं आणि लवकरात लवकर शिरेतून प्रतिजैविकं सुरू व्हायला हवीत.

दुसऱ्या डोसनंतर नवव्या दिवशी, रात्री अडीच वाजता हेच झालं. ताप मोजला तो मुलीने. तिने थर्मामीटर उशीखाली ठेवायला सुरुवात केली होती, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. वडील रात्रपाळीला होते. तिने आमच्यापैकी तिघांना फोन केले. एकाचा बंद होता, दोघांचे सायलेंटवर होते. चौथा फोन उचलला गेला. ताई वेळेत पोहोचल्या, चार दिवस राहून घरी आल्या. दोष कुणालाच देता येत नाही, रात्री फोन सायलेंटवर ठेवणं हा काही गुन्हा नाही. पण ती मुलगी अंधारात एकामागून एक नंबर लावत होती, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातून जात नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात निकडीची मागणी: सातव्या ते चौदाव्या रात्रीपर्यंत रोज दोन माणसं. एक गाडीवाला, फोनचा आवाज मोठा ठेवून झोपणारा. दुसरी व्यक्ती अशी, की हाक येताच ताईंच्या घरी जाऊन मुलांजवळ सकाळपर्यंत थांबेल. बहुतेक रात्री काहीच होणार नाही, तुम्ही शांत झोपाल. तरीही ती मदतच आहे, कारण मग थर्मामीटर मुलीच्या उशीखाली राहणार नाही.

मुलीबद्दल आणखी थोडं. ती भावाचं दप्तर भरते, आजीच्या गोळ्या काढून देते, आईला पाणी प्यायची आठवण करते. कौतुक करण्यासारखंच आहे, आणि सगळे करतातही. ‘आता तूच घरातली मोठी’, ‘आईची आई झालीस’ असं काही तिला म्हणू नका, ही ताईंची खास विनंती आहे. तिच्या वयाची मुलं घरात असतील तर तिला खेळायला न्या, अभ्यासाला बोलवा, रुसू द्या, भांडू द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी जरी ती घराबाहेर हुंदडली तरी ताईंना औषध लागू पडल्यासारखं वाटेल. हे त्यांचेच शब्द.

धाकट्याचा प्रश्न वेगळा. त्याला उचलून घ्यायला आई हवी असते. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येण्याची भीती कायमची आहे. त्या हातावर सुई टोचत नाहीत, रक्तदाबाचा पट्टाही बांधत नाहीत, आणि झोपाळलेल्या पाच वर्षांच्या पोराचं वजन सध्या तरी त्याला झेपत नाही. मग ताई खाली बसतात आणि तो उजव्या बाजूने मांडीत शिरतो. बाजू त्याला आता पाठ झाली आहे. पण त्याला सर्दी झाली की तेही बंद. मागच्या महिन्यात सहा दिवस तो दारात उभा राहून आईशी बोलला.

यात त्याच्या वर्गातल्या पालकांनी करण्यासारखं एक काम आहे, त्याला खर्च काहीच नाही. तुमच्या मुलाला ताप, खोकला, आणि विशेष करून कांजिण्या किंवा गोवर झाला, तर त्याच दिवशी आम्हाला कळवा. नाव कुठे सांगणार नाही. कांजिण्या आपल्या मुलांच्या दृष्टीने आठ दिवसांची खाज, केमो चाललेल्या बाईच्या जिवावर बेतू शकतात. घरी भेटायला जाणाऱ्यांनीही नाक गळत असेल तर सरळ फोनवर बोलावं, आणि आत गेल्यावर आधी हात धुवावेत. फ्लूची लस घेतली असेल तर फारच उत्तम.

जेवणाच्या मदतीला बरेच जण तयार आहेत. मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन शिजवण्याऐवजी आपल्या घरी शिजवून नेलेलं बरं. मळमळ चवीपेक्षा शिजतानाच्या वासाने जास्त होते. ताजं, नीट शिजलेलं, मऊ आणि सौम्य असावं, कारण तोंड आलेलं असतं. कच्चं काही नको. तोंडाला धातूची चव येते, त्यामुळे काल आवडलेलं आज जाणार नाही, त्याचा राग मानू नका. आणि मुलांसाठी वेगळं द्या, त्यांचं तोंड आलेलं नाही!

केमो म्हणजे सतत उलट्या, हे चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून पक्कं आहे. १९९० च्या दशकापासून ऑनडॅनसेट्रॉनसारखी औषधं वापरात आल्यावर उलट्या पुष्कळ आटोक्यात आल्या. थकव्याला मात्र तसं औषध मिळालेलं नाही. म्हणजे ‘उलटी होत नाही ना, मग बरं आहे’ हा हिशेब चुकतो.

पंधराव्या दिवसानंतर ताईंना हायसं वाटू लागतं. आलेलं तोंड बरं होतं, पायऱ्या चढवतात. या आठवड्यात कृपा करून कामं हातातून काढून घेऊ नका. मुलाच्या शाळेतली पालकसभा, मुलीची वेणी, हे त्यांना स्वतःच करायचं असतं. त्या आठवड्यात गप्पा मारायला जा, आजार सोडून बाकी कशावरही. अमुकतमुकीलाही हाच आजार होता आणि तिचं काय झालं, ही गोष्ट तिथे सांगू नये. कुणीतरी सुचवलेली पावडर किंवा गोळ्याही नेऊ नयेत, त्या चालू औषधांच्या आड येऊ शकतात.

केसांसाठी विगची विचारपूस झाली, दोघीतिघींनी आपले केसही देऊ केले. भावना पोहोचल्या. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात केस जाऊ लागले तेव्हा धाकट्याने उशीवरचे केस गोळा करून खोक्यात ठेवले, परत लावता येतील म्हणून. ताईंना विग टोचतो. मऊ सुती टोप्या तेवढ्या हव्यात, शिवण आत न येणाऱ्या.

चौथ्या डोसनंतर दर आठवड्याचा फेरा सुरू होईल. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येऊ शकतात, मग शर्टाची बटणं आणि बुटाची नाडी हीसुद्धा कामं होऊन बसतात. सकाळी शाळेच्या आधी अर्धा तास येऊन धाकट्याला तयार करणारं कुणीतरी त्या बारा आठवड्यांत लागेल. नेणं-आणणंही बारा वेळा आहे, दर वेळी अर्धा दिवस धरून चला.

आता पैशांचं. ताईंची रजा बिनपगारी झाली आहे. रक्ततपासण्या, पेशी वाढवणारी इंजेक्शनं, येणं-जाणं आणि घरकामाला लावलेली बाई, यासाठी मंडळाने वेगळा निधी काढला आहे. रक्कम कितीही चालेल, पावती लगेच मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. ताईंच्या हातात थेट पैसे देऊ नका. दिलेत, तर त्या उठून बसतात, आभार मानतात, विचारपूस करतात, आणि त्यातच त्यांची संध्याकाळ जाते. उरलेली रक्कम निधीतच राहील. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. आपल्यातही हा फ्रिजवरचा कागद पुन्हा कुणाच्या तरी घरी लागणार, हे गृहीत धरूनच निधी कायम ठेवतो आहोत.

‘काही लागलं तर सांगा’ असं ताईंना पुष्कळांनी सांगितलं आहे. त्या सांगत नाहीत. म्हणून मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे, एकवीस दिवसांची एकवीस पानं. प्रत्येक पानावर वेळ आणि काम लिहिलेलं आहे. तुम्हाला जमेल त्यासमोर फक्त नाव लिहा. ऐनवेळी जमलं नाही तर आदल्या दिवशी कळवा, कुणी काही म्हणणार नाही.

तिसरा डोस येत्या सोमवारी आहे. पहिल्या पानावर नऊ नावं झाली आहेत, जागा संपली म्हणून समासात लिहिलेली. नवव्या पानावर अजून एकही नाही.