नाजूक भाग म्हणून सोडून दिलेली ओळ

संपादकसाहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यात त्वचेची काळजी म्हणून अर्धं पान आलं होतं, हात झाले, पाय झाले, बगल झाली, ओठावरची लव सुद्धा झाली, आणि खाली एकच ओळ, नाजूक भागासाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बस. म्हणजे जांघेतले, गुप्तांगाभोवतालचे केस काढायचे कसे, यावर काहीच नाही. मी फोंड्यात फार्मसीच्या काउंटरवर 18 वर्षं उभी आहे, त्या एका ओळीचं पुढे काय होतं ते मी रोज बघते. तज्ज्ञांकडे कोणी जात नाही. आमच्याकडे येतात, ते पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना, आणि साधा रेझर घेतला तरी म्हणतात पेपरात बांधून द्या. तुमच्याच पेपरात बांधते मी, म्हणून म्हटलं कधीतरी आत पण छापून येऊदे.

मागच्या मे महिन्यात एक कॉलेजातली मुलगी आली, पाय फाकवून चालत होती. भाजल्यावर लावायचं मलम मागितलं. कुठे भाजलं विचारलं तर आधी हात म्हणाली, मग पाय, मग गप्पच. मी काउंटरच्या बाहेर आले, फ्रिजच्या बाजूला घेतलं आणि म्हटलं बाय, सांग बघू नीट. मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायचं होतं, आदल्या रात्री केस काढायचं क्रीम लावलं, दहा मिनिटांत केस निघेनात म्हणून आणखी पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, आग व्हायला लागली तर वाटलं काम करतंय. मग धुतलं आणि वर अँटिसेप्टिक ओतलं, तेही पाणी न घालता. आता त्या क्रीमचं काम काय, तर केस ज्या प्रथिनाचा बनतो ते केरॅटिन विरघळवणं. आपल्या कातडीत पण केरॅटिनच असतं, क्रीमला केस कुठला आणि चामडी कुठली ते कळत नाही, त्याला फक्त घड्याळ कळतं. शिवाय बऱ्याच ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गुप्तांगाला लावू नका. जी चालतात ती सुद्धा आधी मांडीला बोटभर लावून, धुवून, चोवीस तास थांबून बघायची. तिला मी गार पाण्याने धूत राहा, दुसरं काही लावू नको सांगितलं आणि डॉक्टरकडे पाठवलं. समुद्र राहिलाच.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी सरळ सांगते, काढू नकोस, कमी कर. गोल टोकाची छोटी कात्री नाहीतर कंगवा लावलेला ट्रिमर घे आणि अर्धा सेंटिमीटर ठेवून बाकीचे काप. कातडीला पातं लागत नाही, वाढताना टोचत नाही, केसतोड होत नाही. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं, पण मग आम्ही रेझर कोणाला विकणार ते सोडा.

एकदम साफच पाहिजे असेल तरी कापणं आधीच, कारण लांब केसात रेझर अडकतो, मग माणूस जोर लावतो आणि तिथेच चिरतं. आंघोळीच्या शेवटी करायचं, पाच-दहा मिनिटं कोमट पाणी पडलं की केस मऊ होतात. वासाचा साबण नको, साधं शेव्हिंग जेल चालेल. पातं नवीन. बाथरूमच्या खिडकीत महिनाभर भिजत पडलेलं नको आणि नवऱ्याचं तर अजिबात नको (नवऱ्यांनी पण बायकोचं घेऊ नये, घेतात, मला माहीत आहे). स्टुलावर बसून आरसा ठेवायचा, एका हाताने कातडी हलकी ताणायची आणि केस जिकडे वळलेत तिकडेच छोटे छोटे हात मारायचे, दर वेळी पातं धुवायचं. उलट्या दिशेने गुळगुळीत होतं खरं पण केस कातडीच्या खाली कापला जातो आणि वाढताना आतल्या आत वळतो, तेच ते केसतोड. आतल्या ओल्या नाजूक कातडीवर पातं, क्रीम काहीच न्यायचं नाही. झालं की टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, तुरटी नाही, पावडर नाही, सेंट तर नाहीच. रात्री करून सैल सुती कपड्यात झोपलं तर उत्तम. पुढचा दिवसभर समुद्र, पूल, जिम आणि नवराबायकोचा संबंध, सगळ्याला सुट्टी.

आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे हवा. एप्रिल-मेमध्ये घाम वाळतच नाही आणि जून लागला की आतले कपडे दोन दोन दिवस दोरीवर ओले, ते तसेच दमट घालून लोक कामाला जातात, वरून घट्ट जीन्स. नुकताच रेझर फिरवलेल्या कातडीवर हे झालं की बारीक पुळ्या आल्याच म्हणून समजा. इस्त्री फिरवा हो त्यांच्यावर.

आणि पुळ्या आल्या, खाज आली की आमच्याकडे येऊन काय मागतात, तर ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं खाजेचं क्रीम. त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा असेल तर आतून पसरतो आणि जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरे पट्टे उठतात. 2018 मध्ये अशी बरीच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरी दिली जातात, आमच्याच धंद्यातले देतात, खोटं कशाला बोलू. पुळ्यांना हात न लावता कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने शेकायचं आणि त्या जाईपर्यंत पुन्हा रेझर नाही. दुखणं वाढलं, पू आला, लाली पसरली किंवा ताप आला तर बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्किन ओपीडी आहे, तिथल्या डॉक्टरांना यात नवीन काही नसतं.

पार्लरात वॅक्स करणाऱ्यांनी एवढंच बघावं की लाकडी पट्टी एकदा कातडीला लागली की परत वॅक्सच्या भांड्यात बुडवत नाहीत ना. बुडवत असतील तर उठून यावं, पैसे गेले तर गेले. डायबेटिस असेल किंवा पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नकोच, त्या गोळ्या चालू असताना वॅक्सबरोबर कातडी सोलून येते.

हे सगळं लिहिलं तरी केस असणं म्हणजे घाण हे मला मान्य नाही, ते घासण्यापासून वाचवायलाच असतात, रोज पाण्याने धुतलं की झालं. माझ्या बाळंतपणाच्या वेळी नर्सने काही न विचारता कोरडाच रेझर फिरवला होता, टाके परवडले पण ती खाज नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये लिहून ठेवलंय की साध्या बाळंतपणाआधी सरसकट तिथे रेझर फिरवू नये. ऑपरेशनसाठी सुद्धा 2016 पासून त्यांचं म्हणणं आहे की केस शक्यतो काढूच नका, काढायचेच तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशिनने, रेझरने नाही. तरी आमच्याकडे बाळंतपणाच्या सामानाच्या यादीत अजून रेझर असतोच.

तर पुढच्या पुरवणीत एखाद्या त्वचेच्या डॉक्टरकडून यावर नीट पानभर लिहून घ्या, आणि पुरुषांसाठी पण लिहा, ते तर विचारतही नाहीत, कापून घेतात आणि मग कापूस मागायला येतात. माझं नाव मात्र छापू नका. मला लाज नाही, पण फ्रिजच्या बाजूला उभी राहून बोललेली ती मुलगी तुमचा पेपर वाचत असेल तर तिला परत दुकानात यायला नको का.

एक वाचक, फोंडा